आपल्यावर लिहिलेलं आपल्याला वाचता यावं

(कर्जत येथे हुतात्म्यांच्या स्मरणार्थ झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पडले, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. विजेचे मनोरे पाडणारे भाई सगळ्यांना आठवतात. त्याआधीचे भाई जरा मागे पडलेत. माथेरानच्या नाभिक घरातला हा मुलगा वकील झाला, शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा काढल्या आणि गरिबाला सावकाराच्या ओसरीवर बसावं लागू नये म्हणून धान्यकोठ्या चालवल्या. पावसाळ्यात घरातलं भात सरायचं, मग कूळ सावकाराकडे जायचं. त्याच्याच शेतातून गेलेलं भात त्याला सवाई-दिढीनं फेडायच्या बोलीवर परत मिळायचं. धान्यकोठी हे त्यावरचं उत्तर होतं.

मला बोलायला सांगितलंय ते पुस्तकांच्या आणि विद्वत्तेच्या प्रकाशनाच्या उद्याविषयी. मुद्रितशोधक म्हणून या धंद्यात शिरलो, पुढे संपादन केलं. ‘छापील पुस्तक राहणार की मोबाइल ते खाणार?’ हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की आता त्याचा कंटाळा येतो. पुस्तक राहील. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्ञान कुणाच्या शेतात पिकतं, कोणाच्या कोठारात जातं आणि परत मिळवायला काय मोजावं लागतं? तो विचारायला कर्जतसारखी जागा दुसरी नाही.

भातापासूनच सुरुवात करू. कर्जतचं भात संशोधन केंद्र शंभरी ओलांडलेलं आहे. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ ही वाणं इथली. ‘सह्याद्री’ हे संकरित भातही इथलंच. कोकणात कितीतरी शेतकऱ्यांना कर्जत हे गाव ठाऊक नसेल, पण दुकानात जाऊन ते ‘कर्जत तीन द्या’ म्हणतात. गावाचं नाव बियाण्याच्या पिशवीवरून घरोघर जावं, हा मान थोड्या गावांना मिळतो.

आता अशा एखाद्या वाणावरचा संशोधनलेख कसा प्रसिद्ध होतो ते पाहा. जमीन सरकारची, शास्त्रज्ञाचा पगार सरकारचा, आवणाला राबणाऱ्या बाया आसपासच्या वाड्यांतल्या. शास्त्रज्ञ लेख लिहितो, त्याचं मानधन नाही. नियतकालिक तो लेख दोन-तीन जाणकारांकडे तपासायला पाठवतं. तेही फुकट तपासतात, कारण ते विद्येचं कर्तव्य मानलं गेलंय. नियतकालिक एखाद्या मोठ्या परदेशी कंपनीचं असेल, तर लेखक स्वामित्वहक्क लिहून देतो, आणि तोच लेख त्याचंच विद्यापीठ वर्गणी भरून विकत घेतं. शेतकऱ्याला तो मोबाइलवर उघडायचा झाला तर पाच-सात ओळींचा सारांश दिसतो आणि खाली डॉलरमध्ये किंमत. आपल्याकडच्या शास्त्रीय संस्थांची नियतकालिकं अशी नाहीत. ती ओढाताणीनं, पदरमोड करून निघतात. पण संशोधकाला बढतीसाठी मान मिळतो तो बाहेरच्या नियतकालिकाचा.

यावर दोन उपाय चाललेत. पहिला सरकारचा. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, सहा हजारांवर सरकारी संस्था. वाईट नाही. जिथं आजवर एकही परदेशी नियतकालिक आलं नव्हतं अशा सरकारी महाविद्यालयातल्या पोरीला ही सगळी खुली होतात. पण योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आखलेली आहे. कर्जत आणि खालापूर या आपल्या दोन्ही तालुक्यांतली बहुतेक महाविद्यालयं खासगी शिक्षणसंस्थांनी, गावोगावच्या वर्गणीतून उभी केलेली. शेतकरी, निवृत्त शिक्षक, वार्ताहर, पाणी तपासणारा कार्यकर्ता हे तर त्यात कुठेच नाहीत. तीन वर्षं सरली की पुन्हा करार, पुन्हा रक्कम. सहा हजार कोटी देऊन आपण वाचायची मुभा घेतली, मालकी घेतली नाही.

दुसरा उपाय प्रकाशकांच्या पद्धतीच्या मुक्त प्रवेशाचा. वाचकाकडून पैसे न घेता लेखकाकडून घ्यायचे. ऐकायला छान. ‘नेचर’नं २०२० साली जाहीर केलेला दर होता एका लेखाला ९,५०० युरो. दापोलीच्या किंवा खोपोलीच्या प्राध्यापकानं तो भरायचा कसा? पूर्वी गरिबाला वाचता येत नव्हतं, आता गरिबाला छापता येणार नाही.

तिसरा रस्ता आपल्याकडे आधीपासून आहे आणि त्याचा गवगवा नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेनं २०१३ मध्ये मुक्त प्रवेशाचं धोरण स्वीकारलं. ‘कृषिकोश’ या भांडारात कृषी विद्यापीठांचे प्रबंध ठेवले जातात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत, कुणालाही, फुकट. कोठी बांधलेली आहे. अडचण इतकीच की बहुतेक मजकूर इंग्रजीत आणि शेतकऱ्यापासून चार कोस दूर आहे.

इथे नेरळच्या सगुणा बागेची आठवण काढायला हवी. चंद्रशेखर भडसावळे यांनी तिथं ‘सगुणा राइस टेक्निक’ बसवलं. नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कायमचे गादीवाफे आणि साच्यानं टोकणी. हे तंत्र पसरलं शेतावरच्या प्रात्यक्षिकांतून, मराठी पुस्तिकांतून, मोबाइलवरच्या चित्रफितींतून. विद्यापीठाच्या रिवाजात आधी लेख आणि मग, जमलंच तर, घडीपत्रिका. इथं क्रम उलटा झाला. मला तो आवडतो. पण उलट्या क्रमातही तपासणी टळत नाही. उत्पन्न किती वाढलं, कुठल्या जमिनीत वाढलं, तणाचं काय झालं, हे त्रयस्थानं मोजून लिहायलाच हवं. नियतकालिकांच्या व्यवस्थेवर मी टीका करतोय ती त्यांच्या दुकानदारीवर. एकानं म्हटलेलं दुसऱ्यानं तपासायचं, ही त्यांची रीत हातची गेली तर आपल्याकडे फक्त फॉरवर्ड उरतील.

आता पुस्तकांकडे वळतो. आपल्या भागावर काय काय लिहिलं गेलंय? कर्जतची जुनी माहिती हवी म्हणून कुणी कुलाबा जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटिअर उघडलं तर निराश होईल. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. १८९१ मध्ये कुलाब्यात आलं. म्हणून आपला तालुका १८८२ च्या ठाण्याच्या खंडात सापडतो. माथेरानवर जे. वाय. स्मिथ या गोऱ्या डॉक्टरनं १८७१ मध्ये पुस्तक काढलं, डोंगर, माणसं, झाडं, प्राणी सगळं घेऊन. पुढे बर्डवुड या न्यायाधीशानं माथेरान-महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात छापली. हे सगळं आज नेरळ स्टेशनच्या बाकावर बसून मोबाइलवर वाचता येतं, पैसा न देता.

कातकऱ्यांवर ए. एन. वेलिंग यांचं इंग्रजी पुस्तक १९३४ चं. ठाकरांवर ल. ना. चापेकर यांचं ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ ऑक्सफर्डनं १९६० साली काढलं. ‘क’ ठाकर आणि ‘म’ ठाकर हे दोन गट, त्यांची लग्नं, देव, शेती, गाणी असं सगळं त्यात आलंय. कातकरी वाड्यांखालची जमीन खासगी मालकाची असते आणि जमिनीला भाव आला की वाडीला हुसकावलं जातं, याचा अभ्यास कॅनडाचे डॅनियल बकल्स आणि इथल्या अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सचे राजीव खेडकर यांनी वाडीतल्या माणसांना बरोबर घेऊन केला. ‘फायटिंग इव्हिक्शन’ हे ते पुस्तक २०१३ मध्ये निघालं. मराठीत कातकऱ्यांवर म्हणाल तर मिलिंद बोकिलांचं ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ लगेच आठवतं. आणि कर्जतहून सुटलेली लोकल पाचव्या थांब्याला जिथं पोचते, त्या बदलापूरवर ना. गो. चापेकरांनी १९३३ सालीच मराठीत एवढा मोठा ग्रंथ लिहिला की एका गावाचा अभ्यास कसा करावा, हे आजच्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानं त्यावरून शिकावं.

या यादीत एक मजा आहे. दीडशे वर्षांपूर्वीचं सगळं मोफत. परवाचं पैसे टाकून विकत मिळतं. मधलं, म्हणजे १९३० ते २००० च्या दरम्यानचं, ना विकत मिळतं ना मोफत. प्रकाशकाला त्यात पैसा दिसत नाही म्हणून पुनर्मुद्रण नाही, आणि स्वामित्वहक्क शिल्लक म्हणून कुणी जाळ्यावर टाकू शकत नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. ना. गो. चापेकर १९६८ मध्ये गेले. त्यांचं लेखन १ जानेवारी २०२९ रोजी मुक्त होईल. तोवर ‘बदलापूर’ शोधायचं तर जुनी ग्रंथालयं धुंडाळा, नाहीतर ओळखी काढा. साहेबानं आपल्याबद्दल लिहिलेलं सहज हाती लागतं आणि आपल्याच माणसानं आपल्या भाषेत लिहिलेलं लागत नाही, हे विसाव्या शतकाच्या मराठी विद्येचं दुर्दैव आहे. मराठी विश्वकोश जाळ्यावर आला, साहित्य संस्कृती मंडळानं आणि राज्य मराठी विकास संस्थेनं आपली पुस्तकं मोफत ठेवली, हे मोठं काम. खासगी प्रकाशकांच्या बंद पडलेल्या पुस्तकांचं मात्र कोणी काही करत नाही. वारसांना गाठून एक परवानगीपत्र घेणं इतकंच काम असतं, आणि तेच होत नाही.

अहवाल हेही प्रकाशनच. माधव गाडगीळ यांच्या समितीनं पश्चिम घाटावरचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला दिला. तो दाबून ठेवला गेला. माहिती अधिकाराचा अर्ज, माहिती आयुक्तांचा आदेश, मग दिल्ली उच्च न्यायालय, एवढं झाल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांना दिसला. हा अहवाल गावोगावच्या भाषांत जावा, ग्रामसभांनी त्यावर बोलावं, असा गाडगीळांचा आग्रह होता. आपल्याकडे त्यावर आरडाओरडा भरपूर झाला. वाचून बोलणारे किती होते, हे तुम्ही आपापल्या गावात आठवून पाहा.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी डोंगराखाली गेली. सत्तावीस मृतदेह निघाले, सत्तावन्न माणसं बेपत्ता म्हणून शोध थांबवावा लागला. ठाकरांची वाडी. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं, असं सरकारनंच सांगितलं. गाडगीळांचा अहवाल वाचला असता तर वाडी वाचली असती, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं आणि स्वस्त होईल. पण डोंगराला भेगा कशा पडतात, पाणी कुठून झिरपतं, कुठल्या उताराखाली झोपू नये, याची जाण वाडीत असते आणि शास्त्र कागदात असतं. या दोन्हींची गाठ पडत नाही तोवर याद्या अपुऱ्याच राहणार. दुर्घटनेनंतर इथं अभ्यासक येत राहिले. त्यांचे निष्कर्ष डोंगरपट्टीतल्या उरलेल्या वाड्यांना त्यांच्या भाषेत कोण वाचून दाखवणार आहे?

महाविद्यालयांचं थोडक्यात सांगतो, कारण समोर प्राध्यापक बसलेत आणि त्यांना हे माझ्याहून जास्त माहीत आहे. बढतीच्या ‘कॅस’ योजनेसाठी पेपर लागतात, म्हणून पेपर लावले जातात. लावायला जागा हवी म्हणून नियतकालिकं निघाली. पैसे भरा, आठ दिवसांत छापून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य यादी आली तर तीतच ही दुकानं शिरली. पुण्याच्या विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं, की विद्यापीठांच्या शिफारशीनं यादीत आलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांतली ८८ टक्के कमअस्सल होती. त्याच वर्षी आयोगानं ४,३०५ नावं काढून टाकली. मग मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली. ती बंद करायचा निर्णय आयोगानं ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत घेतला. योगायोग असा की मराठीला अभिजात दर्जा मिळाला तो दिवसही तोच.

‘केअर’ गेल्याचं मला फार दुःख नाही. दुःख याचं आहे की यादीच्या नादात वाईची ‘नवभारत’, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची ‘मराठी संशोधन पत्रिका’, मराठी अभ्यास परिषदेची ‘भाषा आणि जीवन’, ‘समाजप्रबोधन पत्रिका’, ‘परामर्श’ अशी मराठीतली विचारांची नियतकालिकं प्राध्यापकांनी गुणांच्या तराजूत तोलायला सुरुवात केली. वर्गणीदार कमी, लेख पाठवणारे जास्त. स्वतःचा लेख ज्या अंकात आहे तेवढाच अंक विकत घेणारा लेखक मी पाहिलाय. त्यालाही दोष कसा द्यावा? नोकरीच तशी ठरवून ठेवली आहे.

मराठी प्रकाशनाची दुखणी वेगळी. पूर्वी खिळे जुळवून फॉर्म छापायचा तर हजार-अकराशे प्रतींखाली परवडायचं नाही. मग ते गठ्ठे गोदामात कसरीच्या स्वाधीन व्हायचे. आता डिजिटल यंत्रावर शंभर छापा, पन्नास छापा, मागणी आली की पाच छापा. गोदाम नको, भांडवल अडकत नाही. हे चांगलंच झालं. कुठल्याही वाडीचा इतिहास, कुठल्याही शाळेच्या शिक्षकानं जमवलेली ठाकरी गाणी आज काही हजारांत पुस्तक होऊ शकतात.

पण छपाई स्वस्त झाली तसा एक खर्च लोकांच्या डोळ्यांवर आला. संपादन. लेखकाला विचारायचं, हे साल कुठून आणलंत? या माणसाला विचारलंत का? हे प्रकरण इथं कशाला? संदर्भ जुळवायचे, सूची करायची, प्रूफं तीनदा वाचायची. मराठी पुस्तकाच्या मागे सूची असणं आज चैनीचं झालंय. स्वखर्चानं काढलेल्या पुस्तकात लेखक मुखपृष्ठावर वीस हजार घालतो आणि मुद्रितशोधकाला दोन हजार द्यायला कुरकुरतो. ‘वाचकाला कळतंय कुठं?’ हे एका प्रकाशकानं मला तोंडावर सांगितलेलं वाक्य. वाचकाला कळतं. तो बोलत नाही, पुढचं पुस्तक घेत नाही इतकंच.

मोठ्या कंपन्या येऊन हे सावरतील, अशी एक आशा होती. ‘सेज’नं मराठीत समाजशास्त्राची पुस्तकं काढायला घेतली, पुढे भारतातला ग्रंथव्यवहारच आवरता घेतला. ‘वेस्टलँड’ अॅमेझॉननं घेतली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये एका घोषणेनं बंद केली. नंतर ती दुसऱ्यांनी उभी केली म्हणून बरं. त्याआधी सरकारी प्रयोग झाला होता. साठीच्या दशकाच्या शेवटी केंद्रानं पैसा दिला, नागपुरात महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ स्थापन झालं, भौतिकशास्त्रापासून राज्यशास्त्रापर्यंत विद्यापीठीय पाठ्यपुस्तकं मराठीत निघाली. जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ती अजून दिसतात, तारखेचे शिक्के बरेचदा न पडलेली. शिकवायचं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, मग मराठी पुस्तक घेणार कोण?

यावरून ‘मराठी माणूस जड पुस्तक वाचत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यानं ६ डिसेंबरला लोकल पकडून दादरला जावं. शिवाजी पार्कवरचे पुस्तकांचे गाळे पाहावेत. डॉ. आंबेडकरांचे इंग्रजी-मराठी खंड, घटनेवरची, अर्थशास्त्रावरची, बौद्ध तत्त्वज्ञानावरची पुस्तकं हातात पिशव्या घेऊन माणसं विकत घेतात. त्यात कामगार असतात, शेतमजूर असतात, पहिल्यांदा कॉलेजला गेलेल्या पोरी असतात. वसंत मून यांच्या संपादनाखाली या खंडांतला पहिला १९७९ मध्ये निघाला. मागणी इतकी आणि पुरवठा इतका अपुरा, की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून याचिका दाखल करून घ्यावी लागली; कोट्यवधींचा कागद घेऊन ठेवलेला आणि छपाई होत नव्हती. ज्या वाचकाला पुस्तक आपलं वाटतं, तो पाचशे पानांना भीत नाही. जड विषयाचा बाजार आहे. तो साहित्य संमेलनाच्या मांडवात शोधला म्हणून सापडत नाही.

किमतीचं काय, असं विद्यार्थी विचारतील. त्यांचं उत्तर झेरॉक्स आहे आणि शिकण्या-शिकवण्यापुरतं ते बेकायदा नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्यावर २०१२ मध्ये खटला भरला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, की स्वामित्वहक्क हा काही ईश्वरदत्त अधिकार नाही आणि शिकवण्यासाठी केलेल्या प्रतींना कायदा मुभा देतो. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा सोडून दिला.

राहिलं यंत्र. कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोललं नाही तर तुम्ही म्हणाल म्हातारा घाबरला. घाबरलो नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं ‘अनुवादिनी’ अभियांत्रिकीची पुस्तकं भारतीय भाषांत उतरवतंय. २०२५ च्या अर्थसंकल्पात भारतीय भाषांतल्या डिजिटल पाठ्यपुस्तकांची योजनाही आली. नागपूरच्या मंडळाला जे वर्षानुवर्षं लागलं ते यंत्र आठवड्यात करील. वाक्यं बरी येतात, कधी कधी आपल्या वर्तमानपत्रांपेक्षा बरी. पण करप्यावर कुठलं औषध, किती पाण्यात, किती ग्रॅम, या ओळीत यंत्र चुकलं तर उभं भात जातं. त्या ओळीखाली सही कोणाची? प्रकाशक म्हणजे शेवटी तीच सही. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर नाव-पत्ता छापणं म्हणजे ‘चूक निघाली तर इथं या’ असं सांगणं. पुढच्या काळात मजकूर फुकट होईल आणि ही सही महाग होईल, असा माझा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट. ही यंत्रं शिकतात ती लिहिलेल्यावर. ‘टेलर अँड फ्रान्सिस’च्या मालक कंपनीनं २०२४ मध्ये आपला मजकूर मायक्रोसॉफ्टला एक कोटी डॉलरहून अधिक रकमेला वापरायला दिला. लेखकांना वर्तमानपत्रांतून कळलं. यात आपलं नुकसान वेगळंच आहे. कर्जतबद्दल यंत्राला काय ठाऊक असणार? फार्महाऊस, धबधबे, सेकंड होमच्या जाहिराती आणि १८८२ चा गोरा अधिकारी. राब भाजण्याबद्दल, वरईच्या वाणांबद्दल, ठाकर-कातकऱ्यांच्या औषधी झाडांबद्दल मराठीत तपासून लिहिलेलं जाळ्यावर नसेल तर उद्याची पोरं यंत्राला विचारतील आणि यंत्र त्यांना जाहिरात ऐकवेल.

मग करायचं काय? एक दाखला कायद्यातच आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठा कारखाना किंवा प्रकल्प आणायचा तर पर्यावरण आघात अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, त्यावर जनसुनावणी होते. खालापूरकरांना या सुनावण्या नव्या नाहीत. जो नियम कारखानदाराला आहे तो अभ्यासकाला का नसावा? सार्वजनिक पैशावर कर्जत-खालापूरमध्ये जो कोणी भात मोजील, वाडी मोजील, डोंगर मोजील, त्यानं दहा पानांचा मराठी सारांश इथं ठेवल्याशिवाय त्याचं काम पुरं झालं असं विद्यापीठानं मानू नये. मुंबई आणि दापोली या दोन विद्यापीठांनी ठरवलं तरी पुरे. दिल्लीला जायला नको. आणि नियम होईपर्यंत वाडीनं आणि ग्रामपंचायतीनं प्रश्नावली भरण्याआधी एवढं विचारावं : छापून झाल्यावर आम्हाला काय देणार?

आणखी एक. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असते आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. गावातली झाडं, पिकांची वाणं, मासे, औषधं, ती जाणणारी माणसं, सगळं त्यात. म्हणजे कायद्यानं आपली प्रत्येक ग्रामपंचायत लेखक आहे. राष्ट्रीय हरित लवादानं २०२० च्या जानेवारीअखेरची मुदत घातली तेव्हा अनेक ठिकाणी या वह्या एजन्सीकडून घाईनं भरून घेतल्या गेल्या आणि कपाटात गेल्या. कशेळ्याच्या पट्टीत भाताची जुनी वाणं जपण्याचं काम झालेलं आहे, पाड्यांतल्या म्हाताऱ्या अजून आहेत, महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आहेत, गल्लीत डीटीपीवाला आहे. संपादन शिकवायला मी येतो, मानधन नको.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आपल्या गावची ही नोंदवही मागा. सगळ्यांसमोर वाचायला लावा. चुका असतील त्या लेखी द्या, राहिलेलं भरून घ्या, आणि दुरुस्त झालेली एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात शिक्का मारून ठेवा.